सोनोग्राफीत दिसल्या त्या गाठी नाहीत गं

पत्राखाली तू वेळ लिहिली आहेस, रात्रीचे पावणेतीन, त्यामुळे आधी तीच गोष्ट डोक्यात राहिली. बाकी पत्र थोडक्यात असं की तू २३ वर्षांची आहेस, पाळी दोन-दोन अडीच-अडीच महिने येत नाही, हनुवटीवर जाड केस येतायत जे तू रोज सकाळी दार लावून प्लकरने काढतेस, सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत गाठी आहेत असं आलं, डॉक्टर म्हणाल्या हे पीसीओएस आहे (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, अंडाशयाचं आणि हार्मोन्सचं दुखणं), वजन कमी कर, या गोळ्या घे, मूल हवं असेल तेव्हा बघू, आणि तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला. त्यानंतर आठ दिवस तू गोळ्यांचं पाकीट उघडलेलं नाहीस, रात्रीचं जेवण सोडलंयस, आईलासुद्धा काही सांगितलेलं नाहीस. आणि शेवटी, ‘ताई, मी आई होणार की नाही एवढंच सांगा.’

मग आधी तेच सांगते. पीसीओएस असलेल्या बहुतेक बायकांना मूल होतं, काहींना काहीच न करता, काहींना औषधाची मदत घेऊन. तुझ्या शरीरात बीजं नाहीत असं अजिबात नाहीये, ती दर महिन्याला वेळेवर बाहेर पडत नाहीत एवढंच, म्हणजे वर्षात संधी कमी मिळतात. पुढे कधी मूल हवं वाटलं आणि आपोआप राहिलं नाही तर सहसा पहिलं औषध असतं लेट्रोझोल, पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस घ्यायच्या गोळ्या. तिथून सुरुवात होते, एकदम आयव्हीएफपासून, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करण्यापासून, नाही. आणि याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही म्हणून सांगते, बीज कधी सुटेल याचा नेम नाही म्हणजे ते कधीही सुटू शकतं, तेव्हा सध्या मूल नको असेल तर पाळी अनियमित आहे म्हणून बिनधास्त राहू नकोस.

आता त्या गाठी. मला या शब्दाचा खरंच राग येतो, कारण याच शब्दाने मुलींची झोप उडते. तू विचारलंयस फुटतील का, ऑपरेशन करावं लागेल का. अगं, त्या काढून टाकायच्या गाठी नाहीतच, ती बीजांची छोटी छोटी घरं आहेत, २ ते ९ मिलिमीटरची. प्रत्येक बाईच्या अंडाशयात ती असतात, त्यातलं एखादं दर महिन्याला मोठं होऊन बीज सोडतं. तुझ्यात ती अर्ध्या वाटेवर थांबतायत आणि साठून राहतायत, म्हणून पडद्यावर ठिपक्यांची माळ दिसते. १९३५ साली स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी अशा अंडाशयांबद्दल पहिल्यांदा नीट लिहिलं, तेव्हा डोळ्यांना जे दिसलं त्यावरूनच ‘पॉलिसिस्टिक’ म्हणजे अनेक गाठींचं असं नाव पडलं आणि तेच चिकटलं.

आणि नुसती सोनोग्राफी म्हणजे निदान नाही बरं का. तीन गोष्टींपैकी दोन लागतात: पाळी अनियमित, पुरुषी हार्मोन्स वाढल्याची लक्षणं म्हणजे असे केस, मुरमं किंवा रक्तात ती वाढलेली सापडणं, आणि तिसरी सोनोग्राफी. तुझ्याकडे पहिल्या दोन पत्रातच दिसतायत, त्यामुळे निदान बरोबर असावं, पण थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) तपासलंय का ते विचार, कारण त्यांच्यामुळेही पाळी अशीच लांबते. (हे वाचणाऱ्या १५-१६ वर्षांच्या मुलींनो, पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत अंडाशय असे दिसणं नॉर्मल असू शकतं, म्हणून त्या वयात सोनोग्राफीवरून निदान करत नाहीत.)

हे का होतं, तर तुझ्या हातून काही चुकलं म्हणून नाही. दर १० बायकांमागे साधारण एकीला हे असतं आणि घराण्यातही चालतं. बऱ्याच जणींच्या शरीरात इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर आवरणारं हार्मोन, नीट काम करत नाही, मग शरीर ते आणखी बनवतं, ते जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं आणि त्यात बीजाची वाढ मध्येच अडते. केस, मुरमं, पाळी, पोटावरचं वजन, सगळं एकाच दोरीला बांधलेलं आहे. बारीक मुलींनाही होतं हे.

गोळ्यांचं मात्र मी जरा हट्टाने सांगणार आहे. पाळी आली नाही तर बरंच झालं असं आपल्याला वाटतं, पण बीज सुटलं नाही की अस्तराला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन बनत नाही आणि गर्भाशयाचं अस्तर नुसतं जाड होत राहतं, ते वर्षानुवर्षं असंच राहिलं तर पुढे कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून पाळीत ९० दिवसांपेक्षा जास्त गॅप पडू द्यायचा नाही, कॅलेंडरवर लिहून ठेव. तू लिहिलेलं नाव गर्भनिरोधक गोळीचं आहे, ती या अस्तराला जपते आणि पुरुषी हार्मोनही खाली आणते. तिची सवय लागत नाही, तिने वंध्यत्व येत नाही, बंद केली की पाळी तुझ्या मूळच्या पद्धतीवर जाते एवढंच. पण तुला डोळ्यांपुढे चमकत्या रेघा येऊन डोकं दुखत असेल, बीपी असेल, सिगारेट ओढत असशील किंवा घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. आणि ही गोळी नकोच असेल तर ठरावीक महिन्यांनी थोडे दिवस घ्यायच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्याही असतात, तो पर्याय माग. पाकीट कपाटात ठेवून गप्प बसणं हा पर्याय नाही.

हे सगळं एका चिठ्ठीवर लिहून परत जा, आणि शुगर, कोलेस्टेरॉल, बीपी कधी तपासायचं तेही विचार. पीसीओएसमध्ये डायबेटिस लवकर येऊ शकतो, त्यासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची टेस्ट जास्त नेमकं सांगते. मेटफॉर्मिन (इन्सुलिनचं काम सुधारणारं औषध) दिलं तर जेवणासोबत घे, कमी डोसपासून वाढवतात, सुरुवातीला पोट बिघडतं.

आणि रात्रीचं जेवण आजपासून सुरू कर. उपाशी राहून पाळी येत नाही, उलट अति उपासाने जायची ती आणखी जाते. आठवड्याला अडीच तास दम लागेल असं चालणं किंवा सायकल, दोन दिवस वजन उचलणं, पुरेशी झोप, एवढं कर, वजनाचा काटा हलला नाही तरी इन्सुलिन सुधारतं. वजन जास्त असेल तर एकूण वजनाच्या ५ टक्के उतरलं तरी कित्येकींची पाळी सुधारते, वीस किलो उतरवायची गरज नसते.

केसांना वेळ लागतो, गोळ्यांचा फरक दिसायला सहा महिने धर, तोवर प्लकर वापर नाहीतर लेझर कर, त्यात लाज कसली. फक्त केस एकदम भराभर वाढले किंवा आवाज जाड झाला तर थांबू नकोस, लगेच दाखव.

झोप उडणं, सारखं रडू येणं, हेही या आजारात जास्त दिसतं, तेव्हा दोन-तीन आठवड्यांत कमी झालं नाही तर तेही डॉक्टरांना त्याच चिठ्ठीतून सांग.

राहिली आई. तिला सांगून तिच्या जिवाला घोर लावायचा नाही असं तू लिहिलंयस, पण मला तिच्याकडून तुला दोन गोष्टी हव्यात: तिची पाळी तुझ्या वयात कशी होती, आणि घरात कुणाकुणाला शुगर आहे. डॉक्टर हे विचारतीलच. यातूनच बोलायला सुरुवात कर, ‘आई, तुझी पाळी कधी चुकायची का गं?’ एवढंच विचार, कदाचित तिच्याकडेही कधी कुणाला न सांगितलेलं काही असेल.

तुझी ताई