रिपोर्ट नॉर्मल, तरी छातीत दुखतंय

"मॅडम, ईसीजी नॉर्मल, हार्टला इजा झाली का ते दाखवणारं रक्तातलं ट्रोपोनिन नॉर्मल, टूडी एको नॉर्मल, मग मला दुखतंय ते काय खोटं आहे का?" हा प्रश्न घेऊन बरेच जण येतात. हे गृहस्थ चाळिशीचे, दुकान चालवतात. चुलत भाऊ हार्ट अ‍ॅटॅकने गेला आणि त्यानंतर यांचं सुरू झालं. रात्री आडवं झालं की छाती भरून यायची, धडधड, घाम, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या, आता संपलं असंच वाटायचं, मग बायको रिक्षा करून कॅज्युअल्टीत न्यायची, तिथे काही तास ठेवून दुसरं ट्रोपोनिन करून घरी पाठवायचे. "काही नाही, टेन्शन आहे" हे ऐकून माणूस जास्तच घाबरतो हो, कारण दुखणं तर खरंच असतं.

कार्डिओलॉजिस्टने हार्टचं नाही असं नीट सांगितलेलं होतं, म्हणूनच मी पुढे गेले. प्रत्येक वेळचं लिहून आणायला सांगितलं, काय खाल्लं, कधी झोपलात, किती मिनिटं टिकलं. त्यातून दिसलं की दुकान बंद करून अकराला जेवण आणि लगेच झोप, त्याने अ‍ॅसिड वर येऊन जळजळ, ती जाणवली की भाऊ आठवायचा, श्वास भराभर सुरू, आणि दहाएक मिनिटांत पॅनिक अ‍ॅटॅक टोकाला. मुंग्या त्या भराभर श्वासामुळेच, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो ना. एकदा कुणाचीतरी सॉर्बिट्रेट, म्हणजे हार्टच्या दुखण्यावरची गोळी, जिभेखाली ठेवून बरं वाटलं म्हणून हार्टच आहे अशी त्यांची खात्री झालेली, पण अन्ननलिका आवळली गेली असेल तरी त्या गोळीने आराम पडू शकतो, आणि दुसऱ्याची गोळी घ्यायचीच नाही, बीपी एकदम पडतं.

जेवण लवकर, पोटाच्या डॉक्टरांची औषधं, श्वास सावकाश सोडायचा सराव, आणि भावाबद्दल बोलणं, जे घरात कोणीच करत नव्हतं. हळूहळू रात्रीच्या फेऱ्या थांबल्या.

पण बायकोला मी स्पष्ट सांगितलेलं, दुखणं नवीन किंवा वेगळं वाटलं, चालताना छाती आवळली, जबड्यात किंवा हातात कळ गेली तर पॅनिक असेल म्हणून घरी बसायचं नाही, १०८ लावायचा. शुगरवाल्यांना आणि बायकांना तर हार्ट अ‍ॅटॅकमध्ये कधीकधी नुसता दम लागतो किंवा मळमळतं. मधे एकदा जिना चढताना त्यांना वेगळंच दुखलं, ते सरळ हॉस्पिटलला गेले, तपासण्या नॉर्मल आल्या, आणि मला फोन करून "उगाच गेलो का" विचारलं. मी म्हटलं, अजिबात नाही, बरोबर केलंत.