डॅटसन २८०झेडचे बंपर-शॉक काढून बारीक क्रोमचे बंपर लावले तर गाडी धोकादायक होते का?

तुमची गाडी १९७७ ची २८०झेड, डॅटसनची जुनी स्पोर्ट्स कार. तिचे जाडजूड बंपर आणि त्यामागचे शॉक (धक्का जिरवणारे तेल-वायूचे दट्टे) काढून तिच्या आधीच्या २४०झेडसारखे बारीक क्रोमचे बंपर बसवायचे आहेत, आणि त्याने धोका किती वाढेल हे तुम्हाला हवंय. मी कॅलिफोर्नियात याच घराण्यातली गाडी बाळगतो, कामं बहुतेक स्वतःच करतो. माझं मत स्पष्ट आहे: पुढचे खुशाल काढा, मागच्यांना हात लावू नका.

अमेरिकेत १९७३ च्या मॉडेलपासून नियम आला की गाडी पुढून ताशी ५ मैल आणि मागून अडीच मैल वेगाने अडथळ्यावर आदळली तरी दिवे, पेट्रोलची यंत्रणा, कूलिंग शाबूत राहिलं पाहिजे. पुढच्या वर्षी मागचा आकडाही ५ झाला. १९७४ च्या मध्यावर या दोघींच्या मधल्या २६०झेडला मोठे बंपर आले. २८०झेडला ते जन्मापासूनच आहेत. म्हणजे हा सगळा बंदोबस्त पार्किंगमधल्या आणि सिग्नलवरच्या धक्क्यांचा.

५ मैल म्हणजे ताशी ८ किलोमीटर. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ताशी ५० किलोमीटरला ती ८ किलोमीटरच्या जवळजवळ ३९ पट होते. शॉकने आपलं काम चोख केलं तरी त्याच्या वाट्याला त्यातला चाळिसावा हिस्सा येणार. बाकीचं चॅसी रेल (गाडीच्या सांगाड्याच्या लांब पोकळ तुळया) आणि पत्रा चेपून जिरायचं. मोठ्या अपघातात तुमचा जीव पुढच्या शॉकवर अवलंबून नाही. शॉक काढल्यावर जे जातं ते हळू धक्क्याचं संरक्षण: चालत्या माणसाच्या वेगाने कुणी टेकलं तरी नाकाचा पत्रा, ग्रिल आणि हेडलाइटची खोबणी चेपते, कधी रेडिएटरही. आता हे पत्रे शोधायला किती हिंडावं लागतं ते तुम्हाला ठाऊक असेलच. पण ते नुकसान पैशाचं.

मागे मात्र पेट्रोलची टाकी आहे. डिकीच्या फरशीखाली, मागच्या चाकांच्याही पलीकडे, आणि इंजिनला पेट्रोल पुरवणारा विजेचा पंपही टाकीजवळच. बंपर आणि टाकी यांच्यामध्ये फारसं काही उरत नाही. त्यात टाकीचे रबरी होज पंचेचाळीस-पन्नास वर्षांचे झालेत. कडक झालेला होज टाकी जराशी सरकली तरी तडकतो. मोठ्या धडकेत मागचा बंपरही टाकी वाचवेलच असं नाही, शिवाय बंपरच्या उंचीचा नियम पिकअप आणि एसयूव्हींना लागू नाही, त्यामुळे त्या वरूनच चढतात. पण सिग्नलला मागून बसणारा धक्का हाच रोजचा धोका, आणि बरोबर त्यासाठीच तो बंपर तिथे आहे. रूप जुळत नाही म्हणून तो काढणं मला पटत नाही. होज मात्र बंपर ठेवलात तरी बदला.

एक युक्ती तुम्हाला कुणीतरी सांगेलच: शॉकला भोक पाडून तेल काढायचं, बंपर आत ढकलायचा आणि तसाच वेल्ड करून टाकायचा. कृपा करून हे करू नका. अशा शॉकमध्ये तेलाबरोबर दाबाखालचा वायू असतो. ड्रिल किंवा आच लागली तर शॉक फुटू शकतो. गाडी पेटल्यावर बंपर उडून येऊ शकतो म्हणून अग्निशमन दलाचे लोकही बंपरच्या अगदी समोर उभे राहत नाहीत. आणि काम जमलं तरी हाती काय लागतं? वजन तेवढंच, पण धक्का मधे न जिरता थेट रेलला. शॉक काढायचाच तर अख्खा, बोल्ट खोलून काढा. एखादा आधीच दबून अडकलेला दिसला तर त्याच्या रेषेत उभे राहू नका.

बोल्ट सुटले की खरं काम सुरू होतं. रेलची टोकं नीट बघा. या गाड्यांचे रेल आतून गंजतात, विशेषतः बॅटरीखालच्या बाजूला, आणि वरचा रंग मात्र छान दिसत असतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने इंचाइंचावर ठोकत जा. धड पत्रा ठणठणीत वाजतो. गंजलेल्या जागी आवाज बसका येतो आणि आतून पापुद्रे खडखडतात. असा भाग सापडला तर बंपरचा विषय बाजूला ठेवा आणि आधी रेल दुरुस्त करून घ्या, कारण त्या ३९ पटीचा भार त्यांनीच घ्यायचाय. सीटबेल्टही त्याच वेळी तपासा. एअरबॅग नसलेल्या गाडीत तुमच्या आणि स्टीअरिंगच्या मधे दुसरं काही नाही.

२४०झेडचा बंपर पातळ पट्ट्यांवर बसतो, त्याला जवळपास दागिनाच समजा. मी त्याच्यामागे रेलपासून रेलपर्यंत एक हलका आडवा बीम टाकेन, रेडिएटरच्या पुढे. वजन थोडं वाढतं, बाहेरून दिसत नाही. बंपर अजिबात न लावण्याचा विचार असेल तर तुमच्या राज्याचा कायदा बघा. आमच्याकडे पुढचा आणि मागचा, दोन्ही सक्तीचे आहेत. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा.

रेलच्या टोकांचे फोटो इथे टाकलेत तर बीम कुठे पकडायचा ते सांगू शकेन.