वजूची आयत आणि एक वेलांटी

बेटा,

काल फोनवर तू जरा तापूनच बोललास, की ते शिया लोक वजूत, म्हणजे नमाजआधी हात-पाय धुतो त्यात, पाय धुतच नाहीत, नुसता ओला हात फिरवतात, मग कुराण एकच कसं? मी गप्प बसलो कारण हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आता शांतपणे वाच.

सूरह माइदाची 6 वी आयत काढ. आधी तोंड आणि कोपरापर्यंत हात धुवा, मग डोक्याचं मसह करा म्हणजे ओला हात फिरवा, आणि मग "पाय, घोट्यांपर्यंत". आता हे पाय धुण्याला जोडायचे की मसहला, सगळा वाद एवढाच. आपल्या प्रतीत "पाय" या शब्दातल्या लामवर, म्हणजे ल अक्षरावर, जबर म्हणजे "अ"ची खूण आहे, अर्जुलकुम, तोंड-हाताच्या शब्दांनाही जबरच, म्हणजे पाय त्यांच्या रांगेत, धुवा. तिथे जेर म्हणजे "इ"ची खूण आली की अर्जुलिकुम, पाय गेले जेर असलेल्या डोक्याच्या रांगेत. मराठीत लिहिलं तर एका वेलांटीचा फरक बघ.

आणि जेरवाला पाठ शियांनी आणला असं तुला वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाक. मक्केचे इब्न कसीर, बसऱ्याचे अबू अम्र, कूफ्याचे हमजा, हे आपण सुन्नी लोक मानतो त्या सात किरातींमधलेच, म्हणजे कुराण वाचण्याच्या पद्धतींमधलेच, कारी (पठणकार) आणि तिघांच्याही पाठात जेर आहे. उलट इराणात छापलेलं कुराण उघड, तिथे आपलाच, हफ्स यांच्याकडून आलेला पाठ, तिथेही जबर! तरी ते मसह करतात, कारण त्यांचं म्हणणं असं की "डोकी" या शब्दाला जेर आली ती फक्त आधीच्या "बि" या छोट्या शब्दामुळे, मुळात ते मसहचं कर्मच आहे आणि कर्माला जबर येते, म्हणून पायाला जबर असली तरी तो डोक्यालाच जोडता येतो. हा मुद्दा कच्चा नाही रे. आपले सुन्नी विद्वान फख्रुद्दीन राजींनी आपल्या तफसीरमध्ये, म्हणजे कुराणावरच्या भाष्यात, तो मान्य करून मग हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदींच्या, बळावर धुण्याच्या बाजूने निकाल दिलाय.

आपली खरी ताकद त्या हदीसमध्येच आहे. बुखारी या हदीससंग्रहात आहे ती, प्रवासात नमाजला उशीर झालेला, लोक घाईत पायांवरून ओला हात फिरवत होते आणि पैगंबरांनी मोठ्याने सांगितलं की टाचांसाठी आगीची बरबादी आहे. शिवाय कोपरापर्यंत, घोट्यांपर्यंत अशी हद्द धुण्याला दिली जाते, डोक्याच्या मसहला दिलेली नाही. मला हे पटतं, मी पाय धुतो, तूही धू. पण शियांकडेही त्यांचे पाचवे इमाम बाकिर यांनी पाणी मागवून पैगंबरांचा वजू करून दाखवला ही रिवायत (सांगत आलेली नोंद) आहे, आणि पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांचं "दोन धुणी, दोन मसह" हे म्हणणं तर आपल्याही किताबांत सापडतं.

तुझ्या वयाचा असताना मी मुंबईत डोंगरीच्या मुघल मशिदीत, शियांच्या मशिदीत, हौजाजवळ उभा होतो, असाच शंका घेऊन. एक म्हातारे गृहस्थ आले, आधी नळावर दोन्ही पाय चांगले चोळून धुतले, रुमालाने कोरडे केले, मग वजूला बसले, आणि शेवटी हाताला राहिलेल्या ओलीनेच, नवीन पाणी न घेता, बोटांपासून वरपर्यंत हळूच हात फिरवला. मी मनातल्या मनात त्यांना अस्वच्छ म्हणून मोकळा झालो होतो. त्याची आजही लाज वाटते.

रविवारी येताना अरबी व्याकरणाची वही घेऊन ये, जबर-जेरपासून सुरू करू.