प्रतिध्वनीवरून केबलमधला दोष: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: टीडीआर मीटरने (नेटवर्क केबलमध्ये विजेचा स्पंद सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून दोषाचे अंतर सांगणारे यंत्र) ४७ मीटरवर तार तुटल्याचे दाखवले. फॉल्स सीलिंग उघडून तिथली केबल पाहिली, तर ती धडधाकट निघाली. मीटर बिघडला आहे का?

उत्तर: मीटर बहुधा ठीक आहे. तो अंतर मोजत नाही, वेळ मोजतो. तारेत सोडलेला स्पंद जिथे केबलचा १०० ओहमचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विद्युत विरोध) बदलतो तिथून अंशतः परत फिरतो. तुटलेल्या टोकावरून तो सुलटा परततो, शॉर्टवरून उलटा. जाऊन येण्याच्या वेळेच्या निम्म्याला मीटर केबलमधल्या वेगाने गुणतो, आणि तो वेग तुम्हीच भरलेला असतो. तुमच्या बाबतीत ही वेळ सुमारे ४३५ नॅनोसेकंद असेल. मीटरमध्ये वेग प्रकाशाच्या ७२ टक्के ठेवला असेल आणि केबलचा खरा वेग ६६ टक्के असेल, तर दोष ४७ नव्हे, ४३ मीटरवर आहे. त्याच केबलचा ३० मीटरचा तुकडा टेपने मोजून, मीटर तेवढेच दाखवेपर्यंत वेगाचा आकडा बदलावा. हे काम मी केबलच्या प्रत्येक नव्या खोक्यासाठी करतो. शिवाय हे अंतर केबलच्या वाटेने धरलेले असते, म्हणून छतात गुंडाळून ठेवलेली जादा केबलही त्यात मोजावी.

प्रश्न: गिगाबिट पोर्ट असूनही लिंक १०० एमबीपीएसवरच येते. स्विचमधली टीडीआर चाचणी पुरेशी आहे का?

उत्तर: सुरुवातीला पुरेशी आहे. १०० एमबीपीएसला १-२ आणि ३-६ या पिनांवरच्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. त्यामुळे निळी किंवा तपकिरी जोडी तुटली तरी काम मंद गतीने चालू राहते आणि दोष महिनोन् महिने झाकलेला राहतो. चाचणीच्या वेळी लिंक तुटते, म्हणून कामाच्या तासांत ती करू नये. तुटीचे अंतर पूर्ण लांबीइतके आले, तर भिंत फोडण्याआधी टोकाचा जॅक उघडावा. अशाच एका जॅकमध्ये मला तपकिरी तार खाचेत नीट बसलेली दिसली. भिंगातून पाहिल्यावर कळले की खाचेतल्या पात्याने तिचे वेष्टन कापलेलेच नव्हते आणि तांब्याला धातूचा स्पर्शच झाला नव्हता. तार खाचेत दाबणाऱ्या पंच टूलच्या एका दाबाने काम झाले. दोष अगदी जवळच्या टोकाशी असेल, तर सोडलेला स्पंद आणि परतलेला स्पंद एकमेकांत मिसळतात. तेव्हा चाचणी दुसऱ्या टोकाकडून करावी.

प्रश्न: दोन इमारतींमधली केबल पावसाळ्यात त्रास देते, पण तूट दिसत नाही.

उत्तर: केबलमध्ये पाणी शिरले असावे. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (हा आकडा वाढला की इम्पीडन्स उतरतो) ८० च्या आसपास, तर तारांवरच्या पॉलिथिलीनचा २.३, त्यामुळे ओल्या भागात इम्पीडन्स उतरतो आणि आलेखावर टोकदार शिखराऐवजी पसरट, उथळ खळगा दिसतो. केबल वाळवून उपयोग नाही, कारण पाणी आवरणाच्या आतून पुढे सरकत गेलेले असते. ती बदलून बाहेरच्या वापराची जेलीभरली केबल टाकावी.

प्रश्न: चारही जोड्या निर्दोष दिसतात, तरीही पॅकेट (डेटाचे तुकडे) गळतात. का?

उत्तर: तूट आणि शॉर्ट नसणे म्हणजे केबल चांगली असणे नव्हे. एका जोडीची तार दुसऱ्या जोडीतल्या तारेबरोबर लावली गेली असेल, तर साध्या वायरमॅपला (कोणती तार कोणत्या पिनला जोडली आहे एवढेच पाहणारी चाचणी) सारे बरोबर वाटते, पण जोड्यांमधला क्रॉसटॉक (एका जोडीतला सिग्नल दुसरीत शिरणे) वाढतो. त्यासाठी क्रॉसटॉक मोजणारा सर्टिफिकेशन टेस्टर भाड्याने आणावा. तत्पूर्वी टाकाऊ तुकड्यातली एक तार चाकूने खरवडून पाहावी: तांबूस थराखाली पांढरट धातू दिसला, तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे, आणि ती केबल काढून टाकणेच योग्य.