सात वर्षांच्या मुलीसाठी कोडिंगचा क्लास निवडताना नेमके काय पाहावे?

आपली मुलगी दुसरीत आहे, एका ऑनलाइन क्लासचा मोफत डेमो तिला फार आवडला आहे आणि वर्षाची फी एकरकमी भरल्यास मिळणाऱ्या सवलतीची मुदत येत्या रविवारी संपते आहे, असे आपण प्रश्नात लिहिले आहे. मी बरीच वर्षे एका मराठी माध्यमाच्या शाळेत संगणक शिकवते. माझा पहिला सल्ला असा, की रविवारची मुदत खुशाल जाऊ द्यावी. सातव्या वर्षी कोडिंग सुरू केले नाही म्हणून मागे पडलेले मूल मला अजून भेटलेले नाही. सातवीत प्रथमच संगणकासमोर बसून वर्षभरात स्वतःचे प्रोग्राम रचू लागलेली मुले मात्र मी शिकवली आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कोडिंगचे उपक्रम सहावी ते आठवीच्या टप्प्यावर सुचवलेले आहेत.

तरीही मुलीला गोडी असेल, तर क्लास अवश्य लावावा. तो निवडताना मी सर्वांत आधी एकच गोष्ट पाहते : माऊस कोणाच्या हातात आहे आणि प्रोग्राम चुकल्यावर शिक्षक काय करतात. डेमोमध्ये हे कळत नाही, कारण तिथे काहीही चुकू नये अशीच आखणी केलेली असते. शिक्षक सांगतात तो सूचनेचा ठोकळा मूल पडद्यावर सांगितलेल्या जागी ओढते, तासाभरात खेळ तयार होतो आणि लगोलग प्रमाणपत्रही मिळते. माझ्या भाच्याने अशाच एका डेमोत चेंडूचा खेळ ‘बनवला’ होता. घरी मी त्याला चेंडूचा वेग थोडा कमी करायला सांगितले, तेव्हा तो आकडा कुठे आहे हेही त्याला सापडले नाही. म्हणून डेमोऐवजी आधीपासून चालू असलेल्या बॅचची एखादी तासिका पाहू देण्याची विनंती करावी. पडद्यावरचे मांजर उजवीकडे जाण्याऐवजी डावीकडे गेले, की चांगल्या बाई ‘आता ते कुठे गेले? का गेले असेल?’ असे विचारतात आणि उत्तराची वाट पाहतात. त्या दोन-तीन मिनिटांच्या शांततेतच मूल खरे शिकत असते. ज्या क्लासमध्ये त्याच क्षणी शिक्षक स्वतः दुरुस्ती करून पुढे जातात, तिथे फी कितीही कमी असली तरी मी मुलाला घालणार नाही.

दुसरी गोष्ट वयाची. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबने 2007 मध्ये सर्वांसाठी खुले केलेले स्क्रॅच हे ठोकळे जोडून प्रोग्राम रचण्याचे मोफत माध्यम आज बहुतेक क्लास वापरतात, पण ते मुख्यतः आठ ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी घडवलेले आहे. त्यातील रंगमंचाचा, म्हणजे चित्रे हलतात त्या चौकटीचा, मध्य शून्य धरला जातो आणि डावीकडे उणे 240 पर्यंत आकडे जातात. उणे संख्या आपल्याकडे सहावीत शिकवल्या जातात. कोनांचेही तसेच आहे. समभुज त्रिकोण काढताना मोठी मुलेसुद्धा पडद्यावरच्या मांजराला 60 अंश वळायला सांगतात आणि त्रिकोण का जुळत नाही याचा शोध घेता घेता वळण बाहेरच्या कोनाएवढे, म्हणजे 120 अंशांचे हवे, हे त्यांचे त्यांना उमगते. तो आनंद विलक्षण असतो, मात्र ज्या मुलीला कोन म्हणजे काय हेच अजून माहीत नाही, तिच्यासाठी 120 हा केवळ पाठ करण्याचा आकडा उरतो. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी स्क्रॅच ज्युनिअर हे वेगळे मोफत ॲप आहे. त्यातील ठोकळ्यांवर शब्दांऐवजी चित्रे असल्यामुळे इंग्रजी वाचता न येणारे मूलही ते वापरू शकते. दुसरीतल्या मुलांना पायथन ही टाइप करून लिहायची संगणकाची भाषा शिकवतो असे कोणी सांगत असेल, तर तिथून सरळ उठावे.

फीबाबत मी थोडे कठोरपणे लिहिते आहे, कारण माझ्या बहिणीने हा त्रास सोसला आहे. तिने ‘सोपे हप्ते’ म्हणून ज्या अर्जावर सही केली, ते प्रत्यक्षात एका वित्तसंस्थेचे कर्ज होते. मुलाने दुसऱ्याच महिन्यात क्लास सोडला, तरी हप्ते खात्यातून जातच राहिले. केंद्रीय शिक्षण मंत्रालयानेही डिसेंबर 2021 मध्ये पालकांना खात्यातून आपोआप पैसे वळते होण्याची सोय टाळण्याचा सल्ला दिला होता. आपण महिन्याची किंवा फार तर तीन महिन्यांची फी भरावी, मध्येच क्लास सोडल्यास किती रक्कम परत मिळेल ते लेखी घ्यावे आणि शिक्षक बदलले तर काय, हेही विचारावे.

तोवर घरी एक करून पाहा. पाच बाय पाच ठिपके काढा, मुलीला ‘एक ठिपका वर’, ‘उजवीकडे वळ’ एवढ्याच सूचना देऊ द्या आणि तिच्या सूचनांप्रमाणे तुम्ही रेघ ओढा, अगदी चुकीच्या सूचनेप्रमाणेसुद्धा. रांगोळी बिघडल्यावर आपली कोणती सूचना चुकली हे ती उत्सुकतेने शोधू लागली, तर तिच्यासाठी क्लास पाहायला हरकत नाही. ती कंटाळली, तर वर्षभराने हाच खेळ पुन्हा खेळून पाहावा.