शिष्यवृत्तीची वर्षे आणि मुलांचा सहवास

प्रश्न : मला पदवी अभ्यासक्रमासाठी पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली असून पुढे दिव्यांग मुलांसाठी काम करण्याचा माझा निश्चय आहे. विशेष शिक्षण, स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी यांपैकी कोणती शाखा घ्यावी, हे मात्र ठरत नाही. शिष्यवृत्तीला गुणांची अट असल्यामुळे मुलांमध्ये जाण्यास वेळ काढणे कठीण जाते. हा अनुभव शिक्षण पूर्ण झाल्यावर घेतला तर चालेल का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : अनुभव पुढे ढकलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण शाखेविषयीच्या तुमच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातूनच मिळणार आहे.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या वाढीच्या काळात झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम होण्याची अवस्था, असलेल्या एखाद्या सहा वर्षांच्या मुलीचा विचार करा. तिची बसण्याची ठेवण, तोल आणि हालचाल यांकडे फिजिओथेरपिस्ट लक्ष देतात. तिला आपल्या हाताने जेवता यावे, कपडे घालता यावेत, यासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट प्रयत्न करतात. स्पीच थेरपिस्ट बोलण्याबरोबरच घास गिळण्यातील अडचणीही पाहतात आणि बोलणे अवघड असल्यास चित्रफलकाचा किंवा यंत्राचा वापर शिकवतात. तर वाचन, लेखन आणि गणित तिला झेपेल अशा रीतीने शिकवणे हे विशेष शिक्षकांचे काम असते. प्रत्यक्षात ही कामे एकमेकांत मिसळलेली असतात. मुलीला नीट आधार देऊन बसवले नाही, तर तिची सारी शक्ती तोल सावरण्यात खर्च होते आणि चित्राकडे बोट दाखवण्यास हात मोकळा राहत नाही. अशा वेळी तुमचे लक्ष आपोआप कशाकडे जाते, तिच्या बसण्याकडे, हाताकडे, की ती काय सांगू पाहते आहे त्याकडे, हे स्वतःशी नोंदवत राहा. शाखा निवडताना या नोंदीइतका उपयोग कोणत्याही माहितीपत्रकाचा होणार नाही.

या मुलांपैकी अनेकांचे उच्चार अस्पष्ट असतात, पण बोलण्यावरून वाटते त्यापेक्षा त्यांना पुष्कळदा बरेच अधिक समजत असते. तरीही आसपासची मोठी माणसे त्यांच्या वतीने घाईने उत्तर देऊन टाकतात. प्रश्न विचारल्यावर थांबणे, नजर, मान किंवा बोटे काय सांगतात ते पाहणे आणि त्यानंतरच पुढचा शब्द बोलणे, ही सवय परीक्षेच्या तयारीतून लागत नाही.

ॲन सलिव्हन 1887 मध्ये हेलन केलर या अंध आणि कर्णबधिर मुलीला शिकवण्यास गेल्या, तेव्हा त्या अवघ्या वीस वर्षांच्या होत्या आणि त्यांची स्वतःची दृष्टीही अधू होती. लहान मूल भाषा कशी आत्मसात करते, याचे निरीक्षण करून त्यांनी ठरावीक वेळेचे धडे बाजूला ठेवले आणि मुलीच्या तळहातावर बोटांच्या खुणांनी एकेक अक्षर उमटवत दिवसभर पूर्ण वाक्ये सांगण्यास सुरुवात केली. शिकवण्याची पद्धत अशी निरीक्षणातून जन्माला येते, म्हणून हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते.

तुमच्या पत्रात शिष्यवृत्तीच्या ऋणाची जाणीव दिसते; ती उचितच आहे. मुलांकडे मात्र उपकाराच्या भावनेने जाऊ नका. संयुक्त राष्ट्रांनी 2006 मध्ये स्वीकारलेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारात शिक्षण हा या मुलांचा हक्क मानला आहे, आणि तुम्ही ज्या कामाची तयारी करत आहात ते या हक्काच्या पूर्ततेचे काम आहे.

राहिला प्रश्न वेळेचा. आठवड्यातील एकच दुपार ठेवा, परंतु संपूर्ण सत्रभर त्याच ठिकाणी आणि त्याच मुलांकडे जा, कारण ओळख होण्यास वेळ लागतो आणि अधूनमधून येऊन नाहीशा होणाऱ्या माणसांमुळे मुले अस्वस्थ होतात. शक्य असल्यास अभ्यासक्रमातील प्रकल्पासाठी याच कामाशी जोडलेला विषय घ्या. त्यामुळे गुणांची चिंता कमी होईल. उपचार स्वतःहून करू नका, तेथील तज्ज्ञांच्या देखरेखीखाली मदत करा. पालकांच्या परवानगीशिवाय मुलांची छायाचित्रे काढू नका आणि त्यांच्याविषयीची माहिती बाहेर सांगू नका. सत्र संपताना मुलांनाही आधी कल्पना द्या की आता काही आठवडे तुम्ही येणार नाही.