आतड्याच्या पेशींच्या पटलात रिसेप्टर (बाहेरचे संकेत पकडणारी प्रथिनं) हलतात, हे मोजतात कसं? माझ्या प्रयोगात निम्मे 'अचल' आलेत, म्हणजे ते बांधलेले आहेत का?

लगेच 'बांधलेले' म्हणू नका.

मी शहाद्याचा, त्यामुळे हे मला सारंगखेड्याच्या घोडेबाजारावरूनच सांगता येतं. दत्तजयंतीला तापीकाठी बाजार भरतो. काही घोडे खुंट्याला आखूड बांधलेले, काही लांब दाव्यावर गोल फिरणारे, काहींना गिऱ्हाईक पळवून बघतंय. समजा सगळ्यांच्या अंगावर गुलाल टाकला आणि मधल्या तुकड्यातल्या घोड्यांचा तेवढा धुऊन काढला. बाजूचे गुलालवाले आत आले की तुकडा पुन्हा लाल होणार. किती वेळात झाला त्यावरून वेग कळतो, किती झाला त्यावरून मोकळे किती ते कळतं. 'फ्रॅप' म्हणतात ते हेच. रिसेप्टरला चमकणारं प्रथिन जोडायचं, लेझरने एक डाग विझवायचा आणि चमक परत येताना मोजायची. अॅक्सेलरॉड आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये याचं गणित मांडलं.

दुसरी पद्धत म्हणजे एकाच घोड्याला कंदील बांधायचा. क्वांटम डॉट, म्हणजे चमकणारा अतिसूक्ष्म कण, लावून एकेका रिसेप्टरचा माग काढतात. विस्थापनाच्या वर्गाची सरासरी काळाबरोबर सरळ रेषेत वाढली तर घोडा मोकळा. रेषा वाकून आडवी झाली तर दावं आहे, आणि दाव्याची लांबीही त्यातच मिळते. फ्रॅपमध्ये हे सहज दिसत नाही.

आता तुमचे 'निम्मे'. आतड्याच्या पेशीचा वरचा भाग जेमतेम 10 मायक्रोमीटर रुंद, आणि कडेने टाइट जंक्शनचं, म्हणजे शेजारच्या पेशींशी असलेल्या घट्ट सांध्याचं, कुंपण. शेजारच्या पेशीतून किंवा खालच्या बाजूच्या पटलातून रिसेप्टर आत येत नाही. त्यामुळे तुम्ही निम्मा पृष्ठभाग विझवला असेल, तर सगळे घोडे मोकाट असले तरी चमक निम्मीच परत येणार. गुलाल शिल्लकच तेवढा आहे!

वेगाचं दुखणं वेगळं. या पेशींवर हजारो मायक्रोव्हिलाय, म्हणजे बोटांसारखे बारीक उंचवटे, असतात, प्रत्येक साधारण 1 मायक्रोमीटर उंच आणि 0.1 रुंद. आपण बघतो वरून. विहिरीत सरळ खाली उतरणारा माणूस काठावरून जागच्या जागीच दिसतो ना, तसंच. रिसेप्टर मायक्रोव्हिलसवर खालीवर फिरला तरी आपल्या हिशोबात शून्य. म्हणून इथे आलेला आकडा खऱ्यापेक्षा कमी असतो, हे धरूनच चाला. पटलातल्या प्रथिनांच्या पसरण्यासाठी सेकंदाला 0.01 ते 0.1 वर्ग मायक्रोमीटर हे आकडे नेहमीचे. 0.1 धरला तर 10 सेकंदांत सुमारे 2 मायक्रोमीटर (4 × 0.1 × 10 चं वर्गमूळ).

माझी फजिती सांगतो. कॅको-2 पेशी (प्रयोगशाळेत आतड्याच्या पेशींऐवजी वापरतात त्या) 21 दिवस वाढवल्या, रिसेप्टर झकास पळताना दिसले, मी खूश. मग फॉर्मल्डिहाइडने फिक्स केलेल्या, म्हणजे मारून जागच्या जागी गोठवलेल्या, पेशी बघितल्या तर तिथेही तेच! मायक्रोस्कोपचा मंचच सरकत होता. तेव्हापासून फिक्स केलेली प्लेट आधी, बाकी सगळं नंतर. आणि पेशी 37 अंशांवर ठेवा. एसीत गारठलेलं पटल संथच असतं.

विझवलेला डाग किती मोठा होता, तेवढं कळवा. त्याशिवाय त्या निम्म्यांबद्दल काही सांगता येणार नाही.